गाडी रस्त्यावर अचानक का सरकते? आडवा वारा, कंटेनर आणि टपावरच्या बॅगा

हाजींना मुंबईच्या विमानतळावर सोडायला जाणं ही सोलापूरच्या मुस्लिम घरांतली दरवर्षीची धावपळ. हाजी एक किंवा दोन, आणि सोबत दोन-तीन गाड्या भरून नातेवाईक. सध्या काही वर्षं हे दिवस एप्रिल-मेमध्ये येत आहेत. जिल्काद महिन्यातला गुलबर्ग्याच्या हजरत ख्वाजा बंदे नवाज यांचा उर्सही त्याच सुमारास असतो. वर लग्नसराई आहेच. म्हणजे नेमके वळवाच्या पावसाचे दिवस, आणि नेमक्या तेव्हाच आपल्या सात सीटर गाड्या खचाखच भरून, टपावर बॅगा बांधून महामार्गावर असतात.

अशा सफरीहून परतलेल्या लोकांकडून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. "कंटेनरच्या पुढे निघालो आणि गाडी कुणीतरी ढकलावी तशी डिव्हायडरकडे गेली." मग घरात चर्चा होते. कोणी म्हणतं अलाइनमेंट गेली असेल, कोणी म्हणतं पोराला झापड आली असेल, एखादी खाला म्हणते नजर लागली. गाडी गॅरेजला दाखवली तर मिस्त्री सांगतो, काही बिघाड नाही. बहुतेक वेळा मिस्त्रीचं खरं असतं. गाडी वाऱ्याने सरकलेली असते. पुढे जे काही बिघडतं ते मात्र वाऱ्यापेक्षा आपल्या हातांनी जास्त बिघडतं, आणि म्हणूनच हा विषय सविस्तर मांडावा असं आम्हाला वाटलं.

आपले रस्ते आणि आपला वारा

सोलापुरातून निघणारे रस्ते आणि वाऱ्याची दिशा एकदा नकाशावर ताडून पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. विजापूरचा रस्ता जवळपास सरळ दक्षिणेला जातो, तुळजापूरचा उत्तरेला. म्हणजे या दोन्ही रस्त्यांवर पश्चिमेचा वारा गाडीच्या थेट कुशीत बसतो. विजापूर रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की वेग कधी वाढला ते कळत नाही. २०२१ मध्ये याच रस्त्याच्या एका लेनचं २५.५४ किलोमीटर काम १८ तासांत झाल्याची बातमी अनेकांना आठवत असेल. गोलघुमट बघायला मुलांना घेऊन निघालेली गाडी तिथे सहज शंभरवर जाते.

पुण्याचा रस्ता वायव्येकडे झुकलेला आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना नैऋत्येचा वारा डाव्या हाताला, थोडा समोरून लागतो. पुण्याहून परतताना तोच वारा उजवीकडून, किंचित मागून येतो. ही डावी-उजवी बाजू लक्षात ठेवा, कंटेनर ओलांडताना तिचं काम आहे.

वळवाचा वारा मात्र दिशा पाळत नाही. दुपार कलली की ढग उभा राहतो, त्यातून थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चारी बाजूंना पसरते. पाऊस पडायच्या आधी, पाऊस अजून दूर असतानाच, ही हवा धुळीचा लोट घेऊन रस्त्यावर येते. हवामान खात्याच्या इशाऱ्यात 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' असं आपण वाचतो ते हेच. छत्री धरणं कठीण व्हावं इतका हा वारा. घरात बसून तो फार वाटत नाही. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत त्याचा अर्थ वेगळा होतो.

वारा गाडीचं काय करतो

मोटारसायकलवर पाऊस नेहमी समोरून येतो, हे सर्वांनी अनुभवलंय. पाऊस सरळ पडत असतो, पण आपण पुढे पळत असल्यामुळे तो तोंडावर येतो. वाऱ्याचंही तसंच. गाडी ताशी १०० ने पळतेय आणि ताशी ४० चा वारा आडवा येतोय, तर गाडीला तो आडवा लागत नाही. समोरून साधारण २२ अंश तिरका, आणि ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास वेगाने लागतो. एका मोठ्या सात सीटर गाडीवर त्याचा बाजूचा रेटा अंदाजे १०० किलो वजनाइतका होतो. एक धडधाकट माणूस गाडीला बाजूने खांदा लावून ढकलतोय असं समजा.

पण ढकलतो कुठे, हे जास्त महत्त्वाचं. हा रेटा गाडीच्या मधोमध लागत नाही. तिरकी हवा बॉनेटच्या कोपऱ्याला वळसा घालून वेगाने जाते, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या पुढच्या कोपऱ्यावर दाब कमी होतो. तो कमी दाब नाकाला आपल्याकडे ओढतो. त्यामुळे वाऱ्याचा जोर गाडीच्या पुढच्या भागात एकवटतो, आणि गाडीच्या वजनाचा मध्य असतो त्याच्या मागे. लाकडी फळी टेबलावर ठेवून एका टोकाला बोटाने ढकला, फळी सरकते आणि फिरतेही. गाडीचं नाक तसंच फिरतं, वारा जिकडे चाललाय तिकडे. वारा डावीकडून आला तर उजवीकडे.

नाक कितीसं फिरतं? एक-दोन अंश. ऐकायला काहीच नाही. पण ताशी १०० ने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. नाक दोन अंश फिरलं आणि चालवणाऱ्याला भानावर यायला एक सेकंद लागला, तर गाडी तेवढ्यात जवळपास एक मीटर बाजूला गेलेली असते. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची. पावणेदोन मीटर रुंदीची गाडी बरोबर मधून चालली असेल, तर दोन्ही बाजूंना पाऊण-एक मीटर जागा उरते. हिशेब तुम्हीच करा.

वारा एकसारखा असेल तर त्रास नाही

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. एकसारखा वाहणारा आडवा वारा, जोरदार असला तरी, फार धोक्याचा नसतो. चालवणारा नकळत स्टेअरिंग थोडं वाऱ्याच्या दिशेला धरून ठेवतो आणि गाडी सरळ जात राहते. मैलोन् मैल जाते. काही वेळाने त्याला आपण स्टेअरिंग तिरकं धरलंय हेही जाणवत नाही.

त्रास होतो वारा बदलताना. रस्ता टेकडी कापून गेलाय, दोन्ही बाजूंना दरड आहे, तिथे वारा नाही. दरड संपली की एकदम झोत. लांबोटीजवळ सीनेच्या पुलावर, भीमेच्या पुलावर, उड्डाणपुलांवर तेच होतं. खाली झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवत असतात, पुलावर अडवायला कोणी नाही. अशा झोतात गाडी शिरते तेव्हा नाक आधी वाऱ्यात जातं, शेपूट अजून आडोशाला असतं. पूर्ण गाडी आत शिरायला सेकंदाचा सहावा भाग पुरतो, पण तेवढ्या क्षणात फिरवणारा जोर नेहमीपेक्षा जास्त असू शकतो, कारण गाडीभोवतीची हवा अजून बसलेली नसते. शांत, एकसारख्या वाऱ्यात गाडी तपासली तर हे पूर्ण दिसत नाही. म्हणून गाड्यांच्या चाचणीचा एक आंतरराष्ट्रीय प्रकार आहे, आयएसओ १२०२१. त्यात मोठमोठ्या पंख्यांच्या रांगेसमोरून गाडी पळवतात, स्टेअरिंग स्थिर धरतात आणि गाडी किती सरकली ते मोजतात.

आता माणसाचा भाग. गाडी उजवीकडे गेली, चालवणाऱ्याने डावीकडे वळवलं. पण त्याचा हात हलेपर्यंत झोत ओसरलेला असतो. मग त्याचं वळवणं वाऱ्याच्या विरुद्ध काम करत नाही, सरळ गाडीलाच डावीकडे नेतं. तो घाबरून पुन्हा उजवीकडे वळवतो, या वेळी जरा जास्त. वाऱ्याचे झोके सेकंदाला अर्धा ते दोन या गतीने येत असतील, तर माणसाचा हात आणि गाडीचा स्वतःचा झोका दोन्ही त्याच तालात येतात. झोपाळ्याला चुकीच्या वेळी नाही, नेमक्या वेळी धक्का दिला की तो वर वर जातो, तसं होतं. गाडी साप चालावा तशी डावी-उजवी करते. मागच्या सीटवरून ओरडा सुरू होतो आणि चालवणारा पोरगा आणखी जोरात स्टेअरिंग ओढतो. वाऱ्याने गाडी एक हात सरकवलेली असते, उलटवतो तो हा दुसरा किंवा तिसरा झटका.

हे आम्ही कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. घाबरल्यावर हात आवळले जाणं माणसाचा स्वभावच आहे. पण हे आधी माहीत असेल तर हात थोडा उशिरा आवळतो.

कंटेनर ओलांडताना

आमच्या मते सगळ्यात फसवी जागा हीच. सोलापूर-पुणे रस्त्यावर कंटेनर, टँकर, गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, यांची कमी नाही. पुण्याकडे जाताना काय घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहू. वारा डावीकडून येतोय. तुम्ही स्टेअरिंग नकळत किंचित डावीकडे धरलंय. उजव्या लेनमधून कंटेनर ओलांडायला घेतला.

कंटेनर आता तुमच्या डाव्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला. तो भिंतीसारखा वारा अडवतो. वारा थांबला, पण स्टेअरिंग तर अजून डावीकडे आहे. त्यामुळे गाडी कंटेनरकडे सरकू लागते. शिवाय दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेतून हवा वेगाने निघते, तिथे दाब कमी होतो, तोही गाडीला कंटेनरकडे खेचतो. "कंटेनरने आत ओढलं" असं लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही.

चालवणारा साहजिकच स्टेअरिंग उजवीकडे घेतो. आणि त्याच वेळी गाडी कंटेनरच्या तोंडापाशी पोहोचते. कंटेनरचं सपाट तोंड समोरची हवा बाजूला फेकत असतं. ती फेकलेली हवा गाडीला उजवीकडे ढकलते. त्याच क्षणी आडोसा संपतो आणि अडलेला वारा डावीकडून एकदम येऊन बसतो. तिसरं, स्टेअरिंग आपणच उजवीकडे फिरवलेलं. तिन्ही जोर एकाच बाजूला, आणि त्या बाजूला डिव्हायडर. वर सांगितलेली ती नेहमीची तक्रार इथली आहे.

परतीच्या प्रवासात चित्र बदलतं. वारा उजवीकडून, कंटेनर डावीकडे, म्हणजे आडोसा मिळत नाही. पण वारा आणि मधला कमी दाब दोघंही तुम्हाला कंटेनरकडेच नेतात, म्हणून तिथे बाजूचं अंतर जास्त ठेवावं लागतं. आणि जिथे मध्ये डिव्हायडर नाही अशा रस्त्यांवर समोरून येणारा ट्रक हेच सगळं, आधी ढकलणं मग खेचणं, एका सेकंदाच्या आत करून जातो.

यावरचा उपाय वेगात नाही, "भाईजान, पटकन काढा" म्हणण्यात तर नाहीच. कंटेनरच्या शेजारी जाण्यापूर्वी बाजूला शक्य तितकं अंतर घ्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर असू द्या, आणि तोंडापाशी आल्यावर धक्का येणार हे मनात धरून ठेवा. येणार हे माहीत असलेला धक्का आणि अचानक आलेला धक्का, यांत हाताचं वागणं फार वेगळं असतं. जागा नसेल किंवा धूळ उडताना दिसत असेल तर मागेच राहा. दहा मिनिटांनी मुंबई कुठे जात नाही.

टपावरच्या बॅगा

हाजींच्या दोन मोठ्या बॅगा, बाकीच्यांची पथारी, डबे, पाण्याचे कॅन, लग्नाचं असेल तर एखादी डेग. आतली जागा माणसांना, सामान टपावर. हे आपलं ठरलेलं गणित वाऱ्याच्या दृष्टीने तीन प्रकारे महाग पडतं. गाडीची बाजूची उंची वाढते, म्हणजे वाऱ्याला ढकलायला जास्त पत्रा मिळतो. वजन वर गेल्याने गाडी कलते जास्त आणि सावरते उशिरा. आणि ताडपत्री नीट ताणून बांधलेली नसेल तर ती फडफडते, दोरी सैल होते, सैल सामान प्रत्येक झोक्याला वर इकडून तिकडे हलतं आणि गाडीच्या झोक्यात भर घालतं.

मागच्या टोकाला कोंबलेलं सामानही निर्दोष नाही. वजनाचा मध्य मागे गेला की वाऱ्याचा जोर आणि वजनाचा मध्य यांतलं अंतर वाढतं, नाक जास्त सहज फिरतं. पुढची चाकं हलकी झाल्यामुळे स्टेअरिंगही पोकळ वाटू लागतं. म्हणून जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि गाडीच्या मध्याकडे, सीटच्या खाली किंवा दोन सीटच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर ठेवायचंच असेल तर हलकं, पसरट, पुढच्या बाजूला उंची कमी. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडीची शेपूट डुलते. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, तो आकडा रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असतो. पंपावर हवा भरताना "नेहमीएवढी" न सांगता तो आकडा सांगा.

एक जुना समज असा की काचा उघडल्या की वारा आरपार जातो आणि गाडी स्थिर होते. त्याने बाजूचा रेटा फारसा कमी होत नाही. धूळ मात्र डोळ्यांत जाते, आणि ती चालवणाऱ्याच्याही जाते.

वेगाचा हिशेब

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारींची कमाल मर्यादा ताशी १०० आहे. ही मर्यादा चांगल्या दिवसासाठी आहे, वळवाच्या संध्याकाळसाठी नाही. तोच वारा असताना तुम्ही १०० वरून ८० वर आलात तर बाजूचा रेटा साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो. भानावर येण्याच्या त्या एका सेकंदात गाडी २८ ऐवजी २२ मीटर जाते, म्हणजे सरकणंही तेवढंच कमी. दोन्ही एकत्र धरले तर फायदा जवळपास तिसऱ्या हिश्शाचा. गाडीचं स्टेअरिंगही वेग वाढला की तिखट होत जातं, ८० ला जो हात चालतो तोच हात ११० ला जास्त ठरतो.

रेल्वेने हा हिशेब केव्हाच मांडलाय. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आहे. तिथे, तसंच गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर आणि कर्नाटकात शरावतीच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. वारा मर्यादेबाहेर गेला की गाड्यांवर बंधन येतं. शेकडो टनांची, रुळांनी धरलेली रेल्वे वाऱ्यासाठी थांबते. आपण दीड-दोन टनांची गाडी, चार टायरांच्या भरवशावर, थांबवायला तयार नसतो. आपल्या रस्त्यावर अशी यंत्रं आम्ही पाहिलेली नाहीत, पण खुणा भरपूर आहेत. ढाब्यावरचे झेंडे ताठ झालेत का, पुढच्या ट्रकची ताडपत्री कुठल्या बाजूला फुगलीय, उसाचा फड कुठे झुकलाय, मोटारसायकलवाला एका बाजूला कलून चालवतोय का. पूल यायच्या आधी हे बघून पायाने ॲक्सिलरेटर सोडला तरी अर्धं काम होतं.

झोत बसलाच तर ब्रेकवर उभं राहू नका, विशेषतः पहिल्या सरीत. महिनोन् महिन्यांची धूळ, तेल आणि पाणी यांचा रस्त्यावर चिखल झालेला असतो. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, गाडी लांब बघून हळूहळू लेनमध्ये आणा. क्रूझ कंट्रोल असेल तर तो आधीच बंद करा. नव्या अनेक गाड्यांत घसरणं आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि ती मदत करते. पण टायर गुळगुळीत झाले असतील तर ती तरी कशाला धरणार?

मागे बसलेल्यांचंही काम आहे. नानी किंवा अम्मी "हल्लू चला रे" म्हणतात, ते पुलाच्या आधी, शांतपणे म्हटलेलं चांगलं. झोत बसल्यावर किंचाळणं, चालवणाऱ्याचा खांदा धरणं, हे त्याच्या हातात झटक्याच्या रूपाने उतरतं. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा. मांडीवरचं मूल हातात धरून राहत नाही.

मोटारसायकलवर निघणाऱ्यांना हे सगळं दुप्पट लागू. एवढ्या हलक्या वाहनाला झोत लेनभर सरकवू शकतो. मागे बसलेल्या बाईचा बुरखा किंवा ओढणी सैल असेल तर ती शिडासारखी वारा धरते, आणि चेनमध्ये-चाकात अडकण्याची भीती वेगळीच. कापड नीट आवरून, मांडीखाली दाबून बसावं. वळवाच्या दिवसांत कंटेनरच्या कडेने मोटारसायकल काढणं टाळलेलंच बरं.

वेळ निवडणं आपल्या हातात आहे. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो. फज्र पढून सोलापूर सोडलं तर मुंबईचे सुमारे ४०० किलोमीटर दुपारपर्यंत पार पडतात, वळवाच्या वेळेच्या बरेच आधी. विमान रात्रीचं असलं तरी सकाळी निघा, मुंबईत थांबायला जागा मिळते. परतताना मात्र इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात संध्याकाळ होतेच. समोर क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली तर पुढच्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी घ्या, होर्डिंग आणि जुन्या झाडांपासून लांब लावा. अस्र राहिली असेल तर पढून घ्या, चहा घ्या. असा झोत बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. निघताना टपावरच्या दोऱ्या एकदा ओढून बघा, आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चला. रस्त्यावर फांद्या पडलेल्या असतात.